खाते चोरीला जाते तेव्हा : पुरावा आणि पत

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा पाठ)



मी संगणकतज्ज्ञ नाही, वकीलही नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन वडिलांच्या गादीवर बसलो आणि गेली चाळीस वर्षे कापडाच्या व्यापारात आहे. तेव्हा आजच्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच की, या बाबतीत मी स्वतः चुकलो आहे. ती चूक आपल्यापैकी कोणाच्या हातून होऊ नये, म्हणून ती या सभेत मोकळेपणाने सांगावी असे मी ठरविले.

२०२२ सालच्या दिवाळीनंतरची ही गोष्ट. निपाणीच्या एका जुन्या व्यापाऱ्यांकडे माझी १ लाख ८४ हजार रुपयांची बाकी होती. तीस वर्षांचा आमचा व्यवहार. वयाने ते माझ्याहून मोठे, त्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो. मुदत उलटून पंधरवडा झाला म्हणून मी सहज फोन केला. अण्णा म्हणाले, "शेठ, पैसे भरून दहा दिवस झाले. तुम्हीच ई-मेल करून नव्या खात्याचा नंबर कळवला होता ना?" मी असा कोणताही ई-मेल पाठविला नव्हता. तसे मी त्यांना सांगितले. त्यानंतर फोनवर काही क्षण कोणीच बोलले नाही. त्या शांततेत अण्णांच्या मनात माझ्याविषयी काय आले असेल, याची कल्पना मला आली. आणि माझ्या मनात काय आले, तेही आज लपवीत नाही. अण्णा पैसे टाळण्यासाठी तर हे सांगत नाहीत ना, अशी शंका मला आली. तीस वर्षांच्या विश्वासाला तडा जायला तेवढा एक फोन पुरला.

दुकानात येऊन पुतण्याकडून ई-मेलचे खाते तपासून घेतले. आत कोणीतरी शिरले होते. अण्णांकडून येणारे प्रत्येक पत्र परस्पर कचरापेटीत जावे आणि त्याची एक प्रत एका अनोळखी पत्त्यावर जावी, असा नियम त्या खात्याच्या सेटिंगमध्ये कोणी लावून ठेवला होता. आमची बिले, मुदती आणि बोलणी तो चोर कित्येक दिवस शांतपणे वाचीत बसला होता. हे पाहून आम्ही घाबरलो. पुतण्याने तो नियम काढून टाकला, पासवर्ड बदलला, अनोळखी पत्रे कायमची पुसली आणि संगणकही फॉरमॅट केला. सारे स्वच्छ झाले म्हणून आम्हांला हायसे वाटले. त्यानंतर चार दिवस मी कोणाजवळ काही बोललो नाही. बाजारात कळले तर लोक काय म्हणतील, ही लाज मला धरून बसली होती.

पाचव्या दिवशी पोलीस ठाण्यात गेलो. तेथील अधिकाऱ्यांनी अत्यंत सौजन्याने तीन गोष्टी मागितल्या : त्या नियमाचे छायाचित्र, खात्यात कोण केव्हा शिरले याची नोंद आणि मूळ ई-मेल. माझ्याजवळ यांपैकी एकही नव्हते. तेव्हा ते म्हणाले, "शेठ, चोर घरात येऊन गेला आणि आम्ही यायच्या आत तुम्ही सगळी फरशी धुऊन काढली."

बंधू-भगिनींनो, मला वाचविले ते अण्णांनी. त्यांना संगणक फारसा येत नाही, म्हणून त्यांनी काहीच पुसले नव्हते. तो ई-मेल, त्याला जोडलेले बनावट पत्र आणि बँकेची पावती त्यांच्याकडे जशीच्या तशी होती. प्रत्येक ई-मेलच्या पोटात एक लांबलचक तांत्रिक नोंद असते. तिला हेडर म्हणतात. पोस्टाच्या पाकिटावर जसे ठिकठिकाणचे शिक्के उमटतात, तसे पत्र कोणकोणत्या यंत्रणांतून केव्हा गेले याचे टप्पे त्यात असतात. ते हेडर पाहिल्यावर उलगडा झाला. पत्र माझ्याच पत्त्यावरून निघाले होते, परंतु उत्तर जाण्यासाठी दिलेला पत्ता निराळा होता. त्यात माझ्या पत्त्यापेक्षा एकच अक्षर अधिक होते. "नवे खाते खरे आहे ना?" असे अण्णांनी जपून विचारले होते. तो प्रश्न चोराकडे गेला, आणि "होय" हे उत्तरही चोरानेच दिले.

पैसे परत मिळाले नाहीत. ज्या खात्यात ते गेले होते, तेथून ते त्याच दिवशी काढून घेण्यात आले होते. परंतु अण्णा खरे बोलत होते आणि मीही खरे बोलत होतो, हे त्या एका पत्राने सिद्ध झाले. नुकसान आम्ही निम्मे-निम्मे वाटून घेतले, आणि आजही अण्णांच्या दुकानी माझ्याच पेढीचे कापड जाते. पुरावा चोराला पकडण्यासाठी जमवायचा असतो, असे आपण समजतो. माझा अनुभव असा की, चोर सापडो अथवा न सापडो, आपली स्वतःची पत राखण्यासाठी पुरावा आधी लागतो. आपल्या नावाने दुसऱ्याला फसविले गेले, तर 'तो मी नव्हतो' हे आपल्या शब्दाखेरीज दुसऱ्या कशाने तरी दाखविता आले पाहिजे.

हे तत्त्व व्यापाऱ्याला नवे नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ३४ मध्ये व्यवहाराच्या ओघात नियमितपणे ठेवलेल्या हिशेबवहीतील नोंद ग्राह्य मानली होती. मात्र केवळ त्या नोंदीवरून कोणावर दायित्व लादता येणार नाही, असेही त्यात स्पष्ट म्हटले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २८ मध्ये तेच तत्त्व कायम आहे. म्हणजे नोंद हवी आणि तिला आधार देणारी पावतीही हवी. आपल्या वडीलधाऱ्यांनी आणखी एक शिस्त आपल्याला शिकविली. कीर्दीत चुकीची रक्कम पडली तर ती खोडायची नाही, पान फाडायचे नाही. दुसरी, उलट नोंद करून चूक दुरुस्त करायची. कारण खाडाखोड झालेल्या वहीवर कोणी विश्वास ठेवीत नाही. मी वहीत आयुष्यभर पाळलेली ही शिस्त ई-मेलच्या बाबतीत मात्र एका दुपारी विसरलो.

आता आपले खाते कोणी बळकावले आहे असे ध्यानात आल्यास काय करावे, ते क्रमाने सांगतो.

पैसे गेले असतील, तर पुरावा जमवीत बसू नये. प्रथम १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर आणि आपल्या बँकेला कळवावे. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०२१ साली उभारलेल्या या व्यवस्थेत पोलीस आणि बँका परस्परांशी जोडलेल्या आहेत. रक्कम पुढच्या खात्यात जाण्यापूर्वी ती अडवून धरण्याचा प्रयत्न तेथे होतो. चोर पैसे तासाभरात चार खात्यांतून फिरवितो, म्हणून येथे प्रत्येक मिनिट मोलाचे आहे. आपला खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक एवढे हाताशी असावे. यूपीआयचा व्यवहार क्रमांक बारा अंकी असतो. एनईएफटी अथवा आरटीजीएस असेल तर यूटीआर क्रमांक पाहावा. मिळालेला तक्रार क्रमांक लगेच लिहून ठेवावा. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरविले की, बँकेची अथवा ग्राहकाची चूक नसताना त्रयस्थाने केलेल्या अनधिकृत व्यवहाराची सूचना ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत दिली, तर त्याच्यावर दायित्व येणार नाही. अण्णांना या संरक्षणाचा उपयोग झाला नाही, कारण त्यांनी पैसे स्वतःच्या हातांनी पाठविले होते.

त्यानंतर, काहीही बदलण्यापूर्वी, जे दिसते आहे त्याची छायाचित्रे घ्यावीत. याला दहा मिनिटे पुरतात. खात्याच्या सुरक्षेच्या पानावर कोणकोणती उपकरणे जोडलेली आहेत, कोणत्या गावाहून, किती वाजता, हे लिहिलेले असते. या नोंदी थोड्याच काळाच्या असतात, जुन्या आपोआप मागे पडून नाहीशा होतात. पुढे पाठविण्याचे पत्ते, लावलेले नियम, बदललेला दूरध्वनी क्रमांक यांचीही छायाचित्रे घ्यावीत. चित्र कापूनछाटून सुबक करू नये. संपूर्ण पडदा, तारीख आणि वेळ त्यात दिसली पाहिजे. शक्य असल्यास दुसऱ्या फोननेही त्या पडद्याचा फोटो घ्यावा. हे झाले की मग दुसऱ्या, निर्धोक उपकरणावरून पासवर्ड बदलावा, अनोळखी उपकरणे बाहेर काढावीत आणि द्विस्तरीय पडताळणी सुरू करावी. घर बंद करायलाच हवे. फक्त त्याआधी पावलांचे ठसे टिपून घ्यावेत.

ई-मेलच्या बाबतीत एक विशेष सूचना. संशयित पत्र दुसऱ्याला फॉरवर्ड केले म्हणजे पुरावा दिला, असे समजू नये. फॉरवर्ड केलेल्या पत्रात मूळचे हेडर राहत नाही. मूळ पत्र जागेवर ठेवून, संगणकावर 'शो ओरिजिनल' किंवा तत्सम पर्यायाने त्याचे पूर्ण रूप उघडावे आणि ती फाईल जशीच्या तशी उतरवून घ्यावी.

व्हॉट्सअॅपचे खाते गेले तर बहुधा असे घडते : आपल्या नावाने ओळखीच्या लोकांना 'तातडीने पैसे हवेत' असे संदेश जातात. उद्या आपल्यापैकी कोणाच्या क्रमांकावरून ट्रस्टच्या गटावर देणगीचा बनावट संदेशही येऊ शकेल. अशा वेळी पुरावा आपल्या फोनमध्ये नसतो, तो संदेश मिळालेल्यांच्या फोनमध्ये असतो. आपण खजील होऊन त्यांना "तो मेसेज डिलीट करा" असे सांगतो. ते कृपया सांगू नये. "पैसे पाठवू नका, पण मेसेज पुसू नका" असे सांगावे. छायाचित्रात जतन केलेल्या नावाबरोबर पूर्ण क्रमांकही दिसावा, आणि चोराने दिलेला खाते क्रमांक, यूपीआय पत्ता किंवा क्यूआर चिन्ह स्पष्ट दिसावे. फेसबुक अथवा इन्स्टाग्रामवर बनावट खाते असेल, तर त्याच्या नावाचा फोटो पुरत नाही. एकाच नावाची शेकडो खाती असतात, म्हणून त्या पानाचा पूर्ण दुवा उतरून घ्यावा.

फोनची रेंज अचानक गेली आणि बराच वेळ परत आली नाही, तर आपल्या नावाने कोणी दुसरे सिम काढले असण्याची शक्यता असते. रेंज किती वाजता गेली ते लिहून ठेवावे, आणि सिम केव्हा व कोठून बदलले गेले याची माहिती दूरसंचार कंपनीकडे लेखी मागावी.

आता सर्वांत साध्या आणि सर्वांत दुर्लक्षित पुराव्याकडे येतो. त्याच दिवशी, झोपण्यापूर्वी, एका कागदावर घडलेला क्रम लिहून काढावा. प्रथम काय दिसले, किती वाजता, कोणाचा फोन आला, मी काय केले, बँकेत कोणाशी बोललो, हे सारे त्यात यावे. दोन दिवसांनी स्मरणशक्ती स्वतःला सोयीचे तेवढेच सांगू लागते. या कागदात स्वतःची चूकही लिहावी. ओटीपी आपण होऊन सांगितला असेल, तर 'मी सांगितला' असेच लिहावे. तपासात ते कधीतरी बाहेर येतेच, आणि लपविलेली एक गोष्ट उरलेल्या नऊ खऱ्या गोष्टींवर संशय आणते.

या सगळ्याला न्यायालयात किती महत्त्व आहे, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलेच आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातील अर्ज दाखल करण्याच्या वेळेवरून वाद झाला. निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रफितीचा प्रश्न उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात १४ जुलै २०२० रोजी निकाल लागला. मूळ उपकरणच न्यायालयात सादर करून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर वेगळे प्रमाणपत्र लागत नाही. परंतु नुसती प्रत सादर करायची असेल, तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यक आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. पूर्वी हे प्रमाणपत्र पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली असे, आता ते साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली येते. त्याचा नमुना कायद्याच्या परिशिष्टातच दिला आहे, आणि त्यात फाईलचा 'हॅश' लिहावा लागतो. हॅश म्हणजे त्या फाईलचा अक्षरांकी ठसा. फाईलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा बदलतो. लाखेच्या मोहोरेसारखेच त्याचे काम आहे. हे प्रमाणपत्र कसे भरायचे ते पोलीस अथवा वकील सांगतील. आपल्याकडून अपेक्षा एवढीच की, ज्या फोनवर अथवा संगणकावर मूळ नोंद आहे, तो फॉरमॅट करू नये, विकू नये आणि जुना देऊन नवा घेऊ नये. बँकेच्या उताऱ्याबाबत १८९१ चा बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायदा आजही उपयोगी पडतो. त्यानुसार बँकेकडून प्रमाणित उतारा मागून घ्यावा.

तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, म्हणजे सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन येथे करता येते, तसेच प्रत्यक्ष पोलीस ठाण्यातही देता येते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ६६ हे अनधिकृत प्रवेशासाठी, ६६-क हे दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख वापरण्यासाठी आणि ६६-ड हे संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसविण्यासाठी आहे. या तिन्हींत तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. गुन्हा कोणाच्या हद्दीत घडला, हा प्रश्न आमच्या वेळी फार छळून गेला. मी महाराष्ट्रात, अण्णा कर्नाटकात आणि चोराचे खाते तिसऱ्याच राज्यात. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. नोंदविलेल्या माहितीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ठाण्यात नोंद करण्यास नकार मिळाल्यास पोलीस अधीक्षकांना लेखी कळविता येते आणि त्यापुढे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. ज्याचे खाते गेले आणि ज्याचे पैसे गेले, अशी माणसे दोन असतील, तर दोघांनीही तक्रार करावी आणि एकमेकांचा तक्रार क्रमांक आपल्या अर्जात नमूद करावा.

विलंबाचे आणखी एक कारण परवडण्यासारखे नाही. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा पुरविणाऱ्यांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या असतात. सहा महिन्यांनी जाग आली, तर पोलिसांनी मागूनही त्या नोंदी मिळतीलच असे नाही.

काय करू नये, तेही थोडक्यात सांगतो. चोराशी वाद घालू नये, त्याला सापळा लावायला जाऊ नये. 'पैसे द्या, खाते परत मिळवून देतो' म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नये. ती बहुधा दुसरी फसवणूक असते. तपासासाठी म्हणून कोणी पासवर्ड अथवा ओटीपी मागितला, तर तो देऊ नये. फोनवर अटक करणारा पोलीस खरा नसतो. 'डिजिटल अटक' असा प्रकार आपल्या कायद्यात नाही. व्यापारी बंधूंना आणखी एक विनंती. खाते क्रमांक बदलल्याचे पत्र आले, तर आपल्याजवळच्या जुन्या क्रमांकावर फोन करून, समोरच्याचा आवाज ओळखूनच पैसे पाठवावेत. १ एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएस करण्यापूर्वी खातेदाराचे नाव पाहण्याची सोय बँकांनी द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले आहे. ती सोय अण्णांना २०२२ साली असती, तर माझ्या पेढीऐवजी परके नाव त्यांना दिसले असते.

शेवटी घरातील तरुण पिढीला एक सांगणे आहे. आई-वडील, आजी-आजोबा फसले, तर "तुम्हांला किती वेळा सांगितले होते" हे वाक्य पहिल्या दिवशी तरी उच्चारू नका. त्या एका वाक्याच्या भीतीने वडीलधारी माणसे चार चार दिवस गप्प बसतात. मी बसलो होतो. माझ्या चार दिवसांच्या लाजेचा लाभ फक्त चोराला झाला.

दिवाळीला आपण नव्या वहीचे पूजन करतो. यंदा त्या वहीच्या पहिल्या पानावर, शुभचिन्हाखाली, काही नोंदी कराव्यात : १९३० हा क्रमांक, आपल्या बँकेचा तातडीचा क्रमांक, आपले ई-मेल पत्ते आणि कोणत्या मोबाईल क्रमांकावर कोणते खाते आहे, हे. पासवर्ड मात्र तेथे लिहू नयेत. आणि त्याखाली एक ओळ लिहावी, 'काही पुसू नये'. आमच्या पेढीच्या वहीत गेली तीन वर्षे ती ओळ लिहिली जाते. पुतण्याच ती लिहितो.